चाळीस तासांची पावती

अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक धर्मग्रामांत (एकेका चर्चभोवतीच्या समुदायांत) दृढीकरण संस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या विधीच्या, तयारीला बसलेल्या मुलामुलींना एक कागद दिला जातो. वर मुलाचं नाव, खाली पाच रकाने: तारीख, ठिकाण, काम, तास, देखरेख करणाऱ्याची सही. तळाशी ठळक अक्षरांत एकूण तास. हा आकडा कुठे २०, कुठे ३०, कुठे ४०. ज्याचा त्याचा धर्मग्राम तो ठरवतो. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरून डायरीवर सही घेतलेल्यांना हा कागद ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की तिथे शेवटी प्रमाणपत्र मिळतं आणि इथे संस्कार.

खालचं प्रकरण मेरीलँड राज्यातल्या एका उपनगरी धर्मग्रामाच्या चौकटीत मांडलं आहे. ते एकाच मुलाचं नाही. अशा धर्मग्रामांत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र करून ते रचलं आहे, म्हणून त्यात नावं नाहीत. मेरीलँड मुद्दाम निवडलं. सरकारी शाळेतून बारावी पूर्ण केल्याचा दाखला मिळवण्यासाठी ७५ तासांची सेवा सर्वांना सक्तीची करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. नियम १९९२ चा, १९९७ ला बाहेर पडलेल्या तुकडीपासून लागू झालेला. त्यामुळे तिथल्या मुलाच्या दप्तरात असे दोन कागद असतात, एक शाळेचा आणि एक चर्चचा.

कागदावर काय होतं

मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीतला. आईवडील वसईचे, नोकरीसाठी तिकडे गेलेले. तयारीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, अट ४० तासांची. कागद जमा करण्याची तारीख ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा चौथा रविवार, संस्कार ईस्टरनंतर.

त्याचे तास असे भरले होते. फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या केंद्रात, नोव्हेंबरचे तीन शनिवार, ९ तास. लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मदत, ८ तास. चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणं आणि उचलणं, ५ तास. उपवासकाळातल्या दोन शुक्रवारी मासळीच्या जेवणाला वाढणं, ६ तास. घरकाम, ८ तास, सही आईची. आणि शेवटच्या ओळीत पँट्रीला दिलेले २० डबे, ४ तास. पाच डबे म्हणजे एक तास, असा हिशोब आधीच्या वर्षांपासून तोंडी चालत आला होता. हे डबे आईने शेवटच्या आठवड्यात दुकानातून आणले होते.

एकेक ओळ जवळून पाहिली तर बरंच काही दिसतं. पँट्रीतलं काम मागच्या खोलीत होतं. खोक्यांतून आलेला प्रत्येक डबा हातात घ्यायचा. झाकण फुगलेलं असेल तर बाद. शिवणीवर पोचा असेल तर बाद. दुसरीकडे पोचा असेल तर बोट लावून बघायचं, बोट आत बसलं तर बाद. मग तारखा. टोमॅटोच्या डब्यावरची ‘बेस्ट बाय’ उलटली असली तरी बहुतेक पँट्री तो ठेवून घेतात, कारण ती तारीख चवीबद्दल असते. तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युल्याची तारीख उलटली असेल तर मात्र डबा सरळ कचऱ्यात. हे काम खरं आणि गरजेचं आहे, पण त्या नऊ तासांत धान्य न्यायला आलेला एकही माणूस त्या मुलाला दिसला नाही. मदत घ्यायला आलेल्यांना शेजारपाजारच्या, वर्गातल्या मुलांनी पाहू नये म्हणून बऱ्याच पँट्री मुलांना मागे ठेवतात. कारण रास्त आहे. तरीही परिणाम असा की मुलाच्या आठवणीत पत्र्याचे डबे राहतात, माणूस राहत नाही.

मासळीच्या जेवणाला येतात ते पैसे देऊन जेवणारे धर्मग्रामस्थ. खुर्च्या खुर्च्याच असतात. म्हणजे चाळीस तासांतले फक्त आठ तास, लहान मुलांच्या वर्गातले, असे होते की ज्याची सेवा केली त्याचा चेहरा मुलाने पाहिला. शिवाय पँट्रीतले नऊ तास शाळेच्या ७५ तासांतही धरलेले होते.

नव्याने आलेल्या धर्मशिक्षिकेने शेवटच्या ओळीवर रेघ मारली. तास विकत घेता येत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. घरी पत्र गेलं: ३६ तास झाले आहेत, उरलेले चार दहा दिवसांत पूर्ण करावेत, नाहीतर संस्कार पुढच्या वर्षी. आई मुलाला म्हणाली, “अरे, चारच तर राहिलेत. कुठूनतरी भरून काढ, सगळेच काढतात.” मुलगा म्हणाला, “मग मला नकोच ते.” प्रकरण धर्मगुरूंकडे गेलं.

चर्चचा कायदा काय म्हणतो

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. दृढीकरण घेणाऱ्याला समज आली असेल तर त्याला योग्य शिक्षण मिळालेलं असावं, त्याच्या मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचनं त्याला पुन्हा उच्चारता यावीत, असं कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ८८९ सांगतो. योग्य वेळी, योग्य मनोवृत्तीने मागणाऱ्याला, कायद्याने मनाई नसेल तर, संस्कार नाकारता येत नाही, असं कॅनन ८४३ सांगतो. तासांचा उल्लेख कुठेच नाही. मरणाच्या दारात असलेल्याला तर कोणताही धर्मगुरू दृढीकरण देऊ शकतो, तिथे कागद कोण विचारतो? तयारीचा भाग म्हणून सेवा सुचवायला धर्मग्राम मोकळा आहे. चार तास कमी पडले म्हणून संस्कार अडवून धरायला आधार नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा शिकवणुकीचा आहे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १३०८ नेमका याच गैरसमजाबद्दल सावध करतो. दृढीकरणाला कधीकधी ख्रिस्ती प्रौढत्वाचा संस्कार म्हणतात, पण बाप्तिस्म्याची कृपा ही फुकट, न कमावता मिळालेली देणगी आहे आणि परिणामकारक होण्यासाठी तिला नंतर कुणाच्या मंजुरीची गरज नसते, असं तिथे म्हटलं आहे. वर्गात शिकवायचं ‘देणगी’ आणि हातात ठेवायचा हजेरीपट, हे दोन्ही एकाच संध्याकाळी घडतं. मुलं भाषणापेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवतात. मग संस्कार त्यांना मजुरीसारखा वाटू लागला तर तो दोष त्यांचा नव्हे.

पावती

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान देताना कर्णा वाजवणाऱ्यांबद्दल येशू म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘आपेखूसिन’ हे क्रियापद आहे. त्या काळच्या पपायरसवर लिहिलेल्या व्यवहाराच्या पावत्या सापडल्या आहेत आणि त्यांत हेच क्रियापद ‘रक्कम पूर्ण पोचली’ या अर्थाने येतं. म्हणजे येशू रागावून शिक्षा सांगत नाही, तो हिशोब सांगतो. तुम्हाला लोकांची वाहवा हवी होती, ती मिळाली, सही झाली, खातं बंद.

आता तो पाच रकान्यांचा कागद पुन्हा पाहा. तारीख, ठिकाण, काम, तास, सही. ही अक्षरशः पावती आहे. मुलाने नोव्हेंबरात पँट्रीत जाऊन जे केलं त्याचा मोबदला तिथेच, दाराशी, पर्यवेक्षकाच्या पेनाने चुकता झाला. चौथ्या शनिवारी तो गेला नाही, यात नवल नाही. हिशोब संपला होता.

नव्या करारात सक्तीबद्दल आणखी दोन ठिकाणी स्पष्ट बोललं आहे. करिंथकरांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना पौल दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगतो की मी ही आज्ञा करत नाही, आणि नवव्या अध्यायात सांगतो की भाग पडतं म्हणून कुणी देऊ नये. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवतात आणि सगळे दिल्याचा देखावा करतात. पेत्र हनन्याला विचारतो, ती विकण्याआधी तुझीच नव्हती का, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात नव्हते का? मागे ठेवणं हा गुन्हाच नव्हता, गुन्हा होता ‘सगळं दिलं’ म्हणण्याचा. घरकामाचे आठ तास आणि डब्यांचे चार तास त्या कागदावर आले, ते मुलगा आणि आई खोटारडी म्हणून नव्हे. कागदाला चाळीस हवे होते, म्हणून ते आले.

एवढ्यावरून सक्ती टाकाऊ ठरवणं मात्र घाईचं होईल. मत्तयच्याच एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप म्हणतो, मळ्यात काम कर. एक म्हणतो, जात नाही, आणि नंतर जातो. दुसरा म्हणतो, जातो, आणि जात नाही. बापाची इच्छा पुरी करणारा पहिला ठरतो, नाराजीने सुरुवात केलेला. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने दानाचे दोन थर सांगितले: बाहेरची कृती प्रीतीशिवायही होऊ शकते, पण देवासाठी, आनंदाने आणि तत्परतेने केलेलं दान प्रीतीशिवाय होत नाही. पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट बंद आहे, असं तो म्हणत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाकडून आधी हेतू शुद्ध कर आणि मग ये अशी अपेक्षा धरली तर कुणीच येणार नाही, मोठी माणसंही नाहीत. हेतू तपासता येत नाही आणि तपासायलाही नको. नाराजीने आलेल्याला पुन्हा यावंसं वाटेल की सुटका झाल्यासारखं वाटेल, हे कामाच्या रचनेवर ठरतं, आणि ती रचना मोठ्यांच्या हातात असते.

अभ्यासांतून दिसलेलं

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला. बक्षीस आधी कबूल करून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. १९९९ च्या स्ट्यूकास, स्नायडर आणि क्लेरी यांच्या अभ्यासात असं दिसलं की मुळात सेवेकडे ओढा नसलेल्या विद्यार्थ्यांवर सक्ती केली की पुढे स्वतःहून काम करण्याचा त्यांचा इरादा आणखी कमी होतो, आणि निवडीची मोकळीक दिली तर तसं होत नाही. मेरीलँडच्या नियमाबद्दल २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तर या प्रकरणाला थेट लागू पडतो: नियमामुळे आठवीतल्या मुलांची सेवा वाढली आणि बारावीतल्यांची घटली. तास लवकर उरकले, मग संपलं.

चौथा प्रयोग प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातला, डार्ली आणि बॅटसन यांचा, १९७३ सालीच छापलेला. भावी पाळकांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवलं, काहींना तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीवर. वाटेत दाराशी एक माणूस वाकून, खोकत पडलेला. ४० पैकी १६ जण मदतीला वळले. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के, मध्यम घाईतले ४५, आणि उशीर झाल्याचं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. त्यांची धार्मिकता कोणत्या प्रकारची आहे, यावरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. घड्याळावरून सांगता आलं. दहा दिवसांत चार तास भरायला निघालेला मुलगा घाईतल्या गटात असतो.

पँट्रीच्या बाजूने

या सगळ्या चर्चेत ज्यांच्यासाठी सेवा चालते त्यांना कुणी विचारत नाही, हे फार खटकतं. पँट्री चालवणाऱ्यांचा अनुभव असा: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापासून नाताळापर्यंत माणसं आणि डबे इतके येतात की उभं राहायला जागा नसते. भोपळ्याचा गर आणि क्रॅनबेरीचे डबे थराने साचतात. फेब्रुवारीत फळ्या रिकाम्या आणि माणसंही नाहीत. मग उपवासकाळात, कागद जमा करायच्या आधीच्या दोन शनिवारी, पुन्हा अचानक पंधरा मुलं दारात. प्रत्येकाला तेच समजावून सांगायचं, लक्ष ठेवायला एक मोठं माणूस अडकवायचं, आणि दोन तासांनी पंधरा सह्या करायच्या. तीनदा येणारं मूल शिकून हाताशी येतं, तोवर त्याचे तास संपलेले असतात.

डब्यांचंही तसंच. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अन्नासाठी मदत करणाऱ्या सरकारच्या ‘स्नॅप’ योजनेच्या कार्डावर खाण्याच्या वस्तू घेता येतात. डायपर, साबण, टॉयलेट पेपर, सॅनिटरी पॅड घेता येत नाहीत. गरज तिथे असते. खायचं तेल आणि मसालेही कमी येतात, कारण वर्गणीत कुणाला ते सुचत नाहीत. पाच डब्यांना एक तास असा दर लावला की सर्वात स्वस्त पाच डबे येतात. त्या आईने आणलेले वीस डबे वाटाण्याचे आणि मक्याचे होते, पँट्रीत आधीपासून पडून असलेले.

निर्णय

धर्मगुरूंनी मुलाला एकट्याला बोलावून एक प्रश्न विचारावा, तोच या प्रकरणात निर्णायक ठरतो: “तुला संस्कार नको आहे, की कागद नको आहे?” हे दोन नकार वेगळे आहेत. पहिला असेल तर थांबावं, कारण मनाची तयारी ही कायद्याचीच अट आहे, आणि आईच्या भिडेखातर दिलेला होकार कामाचा नाही. दुसरा असेल तर कागद बाजूला ठेवून तयारीबद्दल बोलावं. इथे दुसरा होता. आमच्या मते संपूर्ण फाइलमध्ये सर्वात प्रामाणिक वाक्य त्या मुलाचं, ‘मग मला नकोच ते’. खोटे चार तास भरायला त्याने नकार दिला होता.

म्हणून निर्णय असा: संस्कार ठरलेल्या दिवशी. चार तास माफ केले, असंही म्हणायचं नाही. माफी म्हटलं की कर्ज होतं असं कबूल केल्यासारखं होतं. धर्मशिक्षिकेचा डब्यांवरचा आक्षेप बरोबर होता, हे आईवडिलांसमोर तिला सांगायचं. तिने नियम नेमका ओळखला होता, फक्त रेघ एका ओळीवर मारली होती. ती पूर्ण कागदावर मारायला हवी होती. आणि पुढच्या सप्टेंबरपासून कागद बंद.

नवी रचना

कागदाऐवजी जे आणायचं ते नवं नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, फ्रेडरिक ओझानाम काही सोबत्यांसह पॅरिसमध्ये जमला. ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी करतात तरी काय, या टोमण्याने ते विद्यार्थी अस्वस्थ झाले होते. सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी त्यांना मुफ्तार भागातली घरं दाखवली. त्यातून उभी राहिलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी मुंबई-वसईच्या धर्मग्रामांतल्या वाचकांना माहीत आहे. तिच्या दोन सवयी इथे उचलायच्या. पहिली, भेटीला जोडीने जायचं, आणि त्याच माणसाकडे पुन्हा जायचं. दुसरी सवय गुप्त वर्गणीची: बैठकीत पिशवी फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो, कुणी किती टाकलं की काहीच टाकलं नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, याची ही कापडी व्यवस्था.

प्रत्यक्षात ती अशी बसते. प्रत्येक गटाला एकच जागा: पँट्री, वृद्धाश्रम, किंवा घराबाहेर पडू न शकणाऱ्या धर्मग्रामस्थांची दोन-तीन घरं. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दीड तास, सप्टेंबर ते जून. संस्कार एप्रिल-मेमध्ये होतो आणि भेटी त्यानंतरही चालू राहतात. हे मुद्दाम ठेवायचं. गटात चार मुलं आणि दोन मोठी माणसं. एकट्या प्रौढाच्या गाडीत मुलांना न्यायचं नाही. २००२ साली अमेरिकन बिशपांनी बालसुरक्षेची सनद स्वीकारल्यापासून मुलांसोबत काम करणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासावी लागते आणि प्रशिक्षणही घ्यावं लागतं. याला काही आठवडे जातात, म्हणून माणसं जूनमध्येच ठरवायची. सप्टेंबरात शोधायला निघालात तर नोव्हेंबर उजाडतो आणि पुन्हा भोपळ्याच्या डब्यांपाशी पोचाल.

काम काय, हे घेणाऱ्यांनी सांगायचं. फोटो नाहीत. सह्या नाहीत. कोण आलं ते फक्त समन्वयकाला माहीत, तेही पँट्रीला किती हात मिळणार हे आधी कळवता यावं म्हणून. शाळेच्या ७५ तासांसाठी कुणाला सही हवी असेल तर ती शाळेच्या कागदावर खुशाल द्यावी, चर्चच्या तयारीशी तिचा संबंध ठेवू नये.

बिघडतं कुठे? पहिल्या दोन महिन्यांत हजेरी घसरते. सॉकरचे सामने शनिवारीच असतात. काही मुलं एकदाही येणार नाहीत आणि तरी त्यांना संस्कार मिळेल. हे पालकांना टोचतं, विशेषतः ज्यांच्या मोठ्या मुलाने चाळीस तास भरले होते त्यांना. यावर समजूत घालण्यापलीकडे उपाय नाही, आणि कागद परत आणणं हा उपाय नव्हे. पँट्रीचा मात्र विश्वासघात होऊ नये, म्हणून प्रत्येक शनिवारी दोन प्रौढ राखीव ठेवावे लागतात.

दुसरा बिघाड जास्त चिवट आहे. भेटीनंतर वीस मिनिटं बसून बोलायचं ठरवलं की मुलं योग्य उत्तरं शिकतात. “खूप समाधान मिळालं”, “आपण किती सुखी आहोत ते कळलं”. तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळी एकच वाक्य बोलू लागतात, म्हणजे सहीच्या जागी भावनेची पावती आली. म्हणून ‘कसं वाटलं’ विचारायचं नाही. आज काय संपलं, कुणाला परत पाठवावं लागलं, आजोबांनी कुठली गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, हे विचारायचं. तिथे नीट पाहिलं असेल तरच उत्तर देता येतं.

आणि वरचढपणा. देणारे आम्ही, घेणारे ते. पुष्कळ पँट्रींत स्वतः धान्य नेणारी माणसंच वाटपालाही उभी असतात. मुलांना त्यांच्या हाताखाली ठेवावं. डब्याचा पोचा कसा बघायचा, ते अशा माणसाकडून शिकलेलं मूल दान हा शब्द जरा जपून वापरतं.

समन्वयकाकडे एकच वही उरते. तिला दोन रकाने: तारीख, आणि पुढच्या वेळी काय आणायचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारची नोंद साधारण अशी असते: तेल नाही. डायपर ३ नंबरचे खूप, ५ नंबरचे संपले. डबे उघडायचे ओपनर सहा.